पायाची नस, पण कोणती?

बचत गटाच्या समन्वयक म्हणून आम्ही गावोगावच्या बैठकांना जातो, तेव्हा कर्जाची वही आमच्या हातून जाते. बियाणं, शाळेची फी, शेळी, घरावरचे पत्रे ही कारणं तुमच्याही ओळखीची. अलीकडे त्यात एक कारण वाढलंय. "पायाच्या तपासणीसाठी." कुणी डॉपलरसाठी मागतं, कुणी सीटीसाठी, कुणी थेट अँजिओग्राफीसाठी. मग बैठकीत कुणीतरी विचारतंच, "एका पायाला इतक्या तपासण्या कशाला? मोठी एकच करून टाकावी ना, एकदाचा सोक्षमोक्ष." आजचं बोलणं या प्रश्नावर आहे. आम्ही डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारून, वाचून, आणि सभासदांसोबत दवाखान्याच्या बाकावर बसून जे उमगलं ते सांगतो.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपण म्हणतो "नस". नस दबली, नस फुगली, नस आखडली. या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, पाठीच्या कण्यातून निघणारी मज्जातंतूची दोरी, जी दबली की पायात मुंग्या येतात. दुसरी, पायातलं रक्त वर हृदयाकडे परत नेणारी वाहिनी, म्हणजे नीला. पोटरीवर निळ्या गाठी दिसतात त्या हिच्या. आणि तिसरी, हृदयाकडून ताजं रक्त पायाला पोचवणारी वाहिनी, म्हणजे धमनी. आज बोलायचंय ते फक्त या तिसरीबद्दल. हे आधी सांगायचं कारण असं की दवाखान्यात जाऊन "नसेची तपासणी करा" म्हटलं, तर तिघींपैकी कुणाची होईल याची खात्री नसते. त्याचं उदाहरण पुढे येईलच.

धमनीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा थर साचतो, वर क्षार बसतात, आणि वाट अरुंद होते. आपल्याकडे द्राक्षबागेत ठिबकच्या नळीत क्षार साचतात, तसंच समजा. मोटर चालू आहे, मेन लाइन भरलेली आहे, पण शेवटच्या ओळीतली वेल सुकते. पायाच्या बाबतीत शेवटची वेल म्हणजे बोटं.

हे होतं कुणाला? तंबाखू खाणारे-ओढणारे, साखरेचा आजार असणारे, रक्तदाब आणि चरबी वाढलेले, आणि साठीच्या पुढचे. देशात साखरेच्या आजाराची माणसं दहा कोटींहून जास्त असल्याचा आयसीएमआरचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. मिश्री ही तंबाखूच आहे, भाजली म्हणून ती औषध होत नाही. हे आम्ही प्रत्येक बैठकीत बोलतो आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी पदर तोंडाला लावून हसतं.

लक्षण ओळखायचं ते चालण्यावरून. ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की दोन-पाच मिनिटांत उतरतो, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो. पूर्वी दिंडीत पंढरपूरपर्यंत चाललेली बाई आता मळ्यापासून बांधापर्यंत येता-येता दोनदा उभी राहते. दिवसभर कांद्याच्या खळ्यावर बसून किंवा पॅकहाउसमध्ये उभं राहून जे पाय दुखतात, ते दुखणं वेगळं. ते चालायला लागल्यावर बरेचदा सुटतं. आजार पुढे गेला की रात्री झोपेतही पाऊल ठणकतं, पाय खाटेखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं. त्यानंतर जखम, जी महिना झाला तरी भरत नाही, आणि शेवटी काळं पडणं. साखरेच्या आजारात मात्र फसगत होते. पाय आधीच बधिर झालेला, त्यामुळे दुखतच नाही. पहिलं लक्षण थेट जखम.

आता तपासण्या. पहिली तपासणी हाताने होते. डॉक्टर जांघेत, गुडघ्यामागे, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलाच्या वर बोट ठेवून ठोका बघतात. ज्या डॉक्टरांनी पायमोजा उतरवायला सांगितला नाही, ठोका पाहिला नाही आणि एकदम मशीनची चिठ्ठी लिहिली, त्यांना "डॉक्टर, पायाचा ठोका लागतोय का?" एवढं विचारायला हरकत नाही. आम्ही विचारतो.

दुसरी तपासणीही अगदी साधी आहे. दंडावर रक्तदाब मोजतात तसा घोट्यावरही पट्टा बांधून मोजतात, सोबत आवाज ऐकवणारं एक छोटं डॉपलर यंत्र असतं. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास किंवा थोडं वर येतं. ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असं धरतात. समजा दंडावर १४० आणि घोट्यावर ८४, तर उत्तर ०.६. म्हणजे वरून निघालेल्या दाबाचा बराच भाग वाटेत हरवतोय. ठिबकच्या फिल्टरजवळ आणि ओळीच्या शेवटी दाबाचे काटे बघतात, तोच हा हिशेब. सुई नाही, किरण नाहीत, रंग नाही. काही मिनिटांचं काम.

पण यातही एक खोच आहे. बरीच वर्षं साखर असलेल्यांच्या आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या धमन्या क्षारांनी इतक्या कडक होतात की पट्टा आवळला तरी त्या दबत नाहीत. मग आकडा १.४ च्याही वर जातो. कागद बघून वाटतं, वा, दाब तर भरपूर आहे. प्रत्यक्षात तो आकडा खोटा असतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजतात, कारण अंगठ्यातल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. तुमच्या घरात साखर जुनी असेल तर ही गोष्ट नक्की लक्षात ठेवा.

इथपर्यंत कळतं की अडथळा आहे की नाही. तो कुठे आहे, किती लांब आहे, हे कळायला चित्र लागतं. चार प्रकारची चित्रं आहेत, आणि सगळा खर्च इथूनच सुरू होतो.

पहिलं चित्र कलर डॉपलर. ही सोनोग्राफीच. आपल्या बायकांच्या डोक्यात सोनोग्राफी म्हणजे पोटाची, बाळाची, भिंतीवर "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" अशी पाटी असलेली. त्यामुळे पायाला सोनोग्राफी म्हटलं की सासवा बुचकळ्यात पडतात. यंत्र तेच, काम वेगळं. जांघेपासून घोट्यापर्यंत जेल लावून फिरवतात, आवाजाच्या लहरींनी रक्त कुठे किती वेगाने धावतंय ते दिसतं. जिथे वाट अरुंद तिथे वेग एकदम वाढतो, नळीचं तोंड बोटाने दाबल्यावर पाणी जोरात उडतं तसा. दोन्ही पाय नीट बघायला अर्धा-पाऊण तास लागतो. किरण नाहीत, मूत्रपिंडाला त्रास नाही, चौघींत सहसा सर्वांत स्वस्त, पुन्हापुन्हा करता येते. उणी बाजू अशी की ती करणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. पोटात वायू असेल किंवा शरीर स्थूल असेल तर कमरेच्या आतल्या धमन्या नीट दिसत नाहीत, आणि क्षारांचे थर असतील तर त्यांची सावली पडून मागचं झाकलं जातं.

आता ते उदाहरण. निफाडच्या बाजूच्या एका गटातल्या मावशी. साठीला टेकलेल्या, साखर बारा-तेरा वर्षांची. करंगळीला बाभळीचा काटा लागला, जखम चिघळली. एका ठिकाणी डॉपलर करून आणलं, गटातून कर्ज काढून. रिपोर्टमध्ये "नॉर्मल" लिहिलेलं. घरचे निर्धास्त झाले, हळद-तेल सुरू राहिलं आणि तीन आठवडे गेले. बोट काळं पडायला लागलं तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी तो कागद नीट वाचला. तपासणी नीलेची झाली होती, धमनीची झालीच नव्हती. नीलेत गुठळी नाही, एवढाच त्या "नॉर्मल"चा अर्थ. कागदावर इंग्रजीत "व्हीनस" लिहिलं होतं. धमनीच्या तपासणीवर "आर्टेरिअल" लिहितात. हे दोन शब्द शाळेतल्या मुलीकडून इंग्रजीत लिहून घ्या आणि चिठ्ठीवर कोणता आहे ते तपासणीच्या आधी तिच्याकडून वाचून घ्या. पाय सुजला असेल, गरम असेल, तर डॉक्टर नीलेची सांगू शकतात. चालताना पोटरी धरत असेल, पाऊल गार असेल, जखम भरत नसेल, तर धमनीची हवी. शंका आली तर तिथल्या तिथे विचारायचं.

दुसरं चित्र सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून रंगद्रव्य सोडतात, दवाखान्यात त्याला "डाय" म्हणतात, आणि पोटापासून बोटांपर्यंत सगळ्या धमन्यांचा नकाशा काही मिनिटांत निघतो. डॉपलर जिथे पोचत नाही तो कमरेतला भागही स्वच्छ दिसतो. शहरात सीटी यंत्रं बरीच आहेत म्हणून डॉक्टर हीच आधी सांगतात, त्यात काही गैर नाही. पण दोन अडचणी आहेत. डाय आयोडीनचा असतो आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघायलाच हवं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डॉक्टर हात आखडता घेतात. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर ती गोळी थांबवायची का आणि परत केव्हा सुरू करायची, हे विचारून घ्या. आपल्या मनाने बंद करू नका. पूर्वी डायने अंगावर पुरळ किंवा दम लागला असेल तर आधी सांगा, गरोदर असाल तर तेही सांगा, कारण यात क्ष-किरण वापरतात. दुसरी अडचण पुन्हा क्षारांचीच. सीटीत क्षार पांढरे चकाकतात आणि खऱ्यापेक्षा मोठे दिसतात. गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांत मग आतली वाट उघडी आहे की बंद, ते सांगणं कठीण जातं.

तिसरं एमआर अँजिओग्राफी. चुंबकाचं यंत्र, क्ष-किरण नाहीत. क्षारांचा चकवाही इथे फारसा नाही. अरुंद बोगद्यात खडखडाट ऐकत बराच वेळ न हलता पडायचं. जोडवी, मंगळसूत्र, केसातल्या पिना सगळं उतरवायचं, आणि हृदयात पेसमेकर किंवा अंगात कुठे धातू बसवलेला असेल तर आधी सांगायचं. यातला डाय वेगळा असतो, तोही मूत्रपिंड फारच बिघडलेलं असेल तर जपून देतात. आधी बसवलेली जाळी, म्हणजे स्टेंट, यात नीट दिसत नाही. आपल्या भागात ही तपासणी पायासाठी कमीच सांगतात.

चौथं चित्र सर्वांत जुनं आणि सर्वांत धाडसाचं. जांघेतून धमनीत बारीक नळी घालतात, तिच्यातून डाय सोडतात आणि क्ष-किरणांखाली रक्त वाहताना बघतात. नुसतं "अँजिओग्राफी" म्हणतात ती ही. नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. टोचलेल्या जागी रक्त साचण्याचा, क्वचित धमनीला इजा होण्याचा धोका असतो. पण एक गोष्ट फक्त हिच्यात आहे. बघता-बघता तिथेच फुगा घालून वाट मोकळी करता येते.

त्याची सुरुवात एका आजीच्या हट्टातून झाली. अमेरिकेत पोर्टलंड शहरात १९६४ च्या जानेवारीत ८२ वर्षांची एक बाई दवाखान्यात होती. पायाची बोटं काळी पडलेली, सगळ्यांनी पाय कापायला सांगितलेला, आणि बाई नाही म्हणून बसलेली. चार्ल्स डॉटर नावाचे क्ष-किरण तज्ज्ञ होते, त्यांनी मांडीतल्या धमनीचा आखूड अडथळा नळ्या सारून रुंद केला. पाऊल गरम झालं, जखम भरली. पुढे अडीच-एक वर्षांनी ती बाई वारली तेव्हा दोन्ही पायांवर चालत होती. ही गोष्ट आम्ही बैठकांत सांगतो तेव्हा म्हाताऱ्या बायका फार खूश होतात. हट्टाने नेहमी पाय वाचतो असा अर्थ मात्र घेऊ नका. सडलेला भाग वेळेत काढला नाही तर जिवावर बेततं.

मग चौघींत चांगली कोणती? ब्रिटनमध्ये २००७ साली पूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र करून हे तपासलं गेलं. धमनी निम्मी किंवा त्याहून जास्त बंद असलेल्या शंभर जागा धरल्या, तर वेगवेगळ्या अभ्यासांत डॉपलरने त्यातल्या ८० ते ९८ पकडल्या, सीटीने ८९ ते ९९, आणि डाय दिलेल्या एमआरने ९२ ते ९९. म्हणजे एमआर पुढे, पण चांगल्या हातातली डॉपलर फार मागे नाही. शिवाय निरोगी जागेला उगाच "बंद" म्हणण्याची चूक डॉपलर कमीच करते. तिथल्याच सरकारी मार्गदर्शक सूचनांत २०१२ पासून असं आहे की आधी डॉपलर, त्यानंतर गरज उरली तर एमआर, आणि एमआर चालत नसेल तर सीटी. तेही कधी? फुगा किंवा बायपास करायचा विचार असेल तरच.

गटाच्या दृष्टीने आम्हाला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ज्याला फक्त चालताना पोटरी धरते, जखम नाही, रात्रीचा ठणका नाही, त्याचा पहिला उपचार तंबाखू बंद, साखर-रक्तदाब-चरबीची औषधं आणि चालणं. पोटरी धरेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, आठवड्यातून तीन वेळा अर्धा-पाऊण तास, निदान तीन महिने. पुष्कळांचं अंतर यानेच वाढतं. अशा माणसाला घोट्याचा दाब आणि फार तर डॉपलर पुरते. मोठा नकाशा रस्ता खणायचा ठरल्यावर लागतो. म्हणून सीटीसाठी किंवा अँजिओग्राफीसाठी कर्जाचा अर्ज आला की आम्ही सभासदाला एक प्रश्न डॉक्टरांना विचारून यायला सांगतो: "या तपासणीनंतर तुम्ही कोणता निर्णय घेणार आहात?" फुगा घालायचा की बायपास हे ठरवायचंय, असं उत्तर आलं तर कर्ज लगेच. "बघू काय निघतंय ते" असं उत्तर आलं तर थोडं थांबून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो. जखम असेल तर मात्र हे थांबणं नाही. त्या पायाला दिवस महाग असतात. आणि पाय अचानक पांढरा-गार पडला, हलेना, बधिर झाला, तर तास महाग असतात. तेव्हा कर्ज, चिठ्ठी, नंबर काही न बघता १०८ ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जायचं.

त्या मावशींचं पुढे काय झालं ते सांगतो. घोट्याचा आकडा १.५ आला, म्हणजे खोटा. अंगठ्याचा दाब फारच कमी. धमनीच्या डॉपलरमध्ये मांडीपर्यंत रक्त ठीक, गुडघ्याखाली अडथळे. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणून डॉक्टरांनी सीटी टाळली आणि थेट अँजिओग्राफी केली, कमीत कमी डाय वापरून, त्याच बैठकीत फुगा घालून. करंगळी काढावी लागली. पाऊल राहिलं. आता त्या चपलेशिवाय अंगणातही पाय ठेवत नाहीत.

सिन्नरच्या बायकांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमच्या तालुक्यात विड्या वळण्याचं काम कित्येक पिढ्या चाललं. विडी ओढणाऱ्या तिशी-चाळिशीच्या पुरुषाची बोटं काळी पडतात, तेव्हा तो बऱ्याचदा बर्जर नावाचा आजार असतो. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. यात चरबी साचत नाही, बारीक धमन्या सुजून आत गुठळ्या होतात, हातांच्या बोटांनाही होतं. अँजिओग्राफीत बंद धमनीभोवती स्क्रूसारख्या पिळदार नव्या वाहिन्या दिसतात, त्यावरून डॉक्टर ओळखतात. फुगा इथे फारसा कामी येत नाही. तंबाखू पूर्ण सुटली तरच बोटं वाचतात. कमी केली, फक्त जेवणानंतर एक, असलं काही चालत नाही.

आता पैशांचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे पहिली खेप त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयाची करा. धमनीची डॉपलर कोणत्या वारी होते हे आधी विचारून निघा, नाहीतर इगतपुरी-सुरगाण्याहून आलेल्या बाईची मजुरी आणि एसटीचं भाडं दोन्ही वाया. फुगा किंवा बायपास लागणार असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला भेटा. योजनेतल्या उपचाराच्या पॅकेजमध्ये दाखल असतानाच्या तपासण्या धरलेल्या असतात. आधी बाहेरच्या बाहेर रोख देऊन केलेल्या सीटीचे पैसे नंतर परत मिळतील असं धरून चालू नका. योजनेचा फोन नंबर १५५३८८. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही जवळ ठेवा.

आणि तपासणी झाली की नुसता रिपोर्टचा कागद घेऊन निघू नका, सीटी-अँजिओग्राफीची सीडी किंवा फिल्मही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना चित्र बघायचं असतं, आणि ते हातात नसलं की तीच तपासणी पुन्हा करावी लागते, तोच डाय पुन्हा मूत्रपिंडावर जातो. पिशवीत चालू गोळ्यांची पाकिटं, शेवटचा साखरेचा आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट असू द्या. साडीला पिन न लावता जा आणि जोडवी आदल्या रात्रीच साबण लावून काढून ठेवा. तिथे ऐनवेळी ती निघता निघत नाहीत.